पार्श्वभूमी : ‘डेडफायर’ आणि पॉजचं भांडण

‘पिलर्स ऑफ इटर्निटी २ : डेडफायर’ हा संगणकावरचा कथाप्रधान खेळ कसा आहे, या प्रश्नाला सोलापुरात दोन माणसांकडून सारखं उत्तर मिळणं कठीण. याचं एक कारण अगदी साधं आहे : इंटरनेट.

खेळ आला ८ मे २०१८ ला. मे महिन्यात सोलापुरात भर दुपारी बाहेर पडायची सोय नसते, त्यामुळे साठ-सत्तर तासांच्या खेळाला मुहूर्त झकास होता. पण त्याला डिस्कवर ४५ जीबी जागा लागायची आणि तेव्हा मोबाइलच्या नेहमीच्या रिचार्जमध्ये दिवसाला दीड जीबी मिळायचे. म्हणजे बाकी काहीही न पाहता फक्त हा खेळ उतरवायचा म्हटलं, तरी महिना गेला. ज्याच्या घरी ब्रॉडबँड होतं, त्याने पहिल्याच आठवड्यात सुरुवात केली. कुणी पैसे भरून खेळ घेतला आणि फाइल्स मात्र त्याच्याकडून हार्ड डिस्कवर आणल्या, तोवर जून उजाडला. कुणी दिवाळीच्या सेलसाठी थांबलं. काहींनी तो घेतला थेट जानेवारी २०१९ नंतर. या आठ-नऊ महिन्यांत खेळ इतका बदलला होता, की चौघेजण एकाच नावाचे चार खेळ खेळले. भांडताना मात्र आपण कोणता खेळलो, हे कुणी आधी सांगत नाही.

मेमध्ये खेळणाऱ्यांची तक्रार होती की तो फार सोपा आहे. मुख्य कथा बाजूला ठेवून बेटं हिंडत राहिलं, की पात्रांची लेव्हल इतकी वाढायची की पुढची लढाई म्हणजे गवत कापणं. पॅच, म्हणजे खेळातल्या दुरुस्त्या, येत गेले तशी ही गोष्ट बऱ्यापैकी ताळ्यावर आली. साध्या हार्ड डिस्कवर नेकेटाका शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाताना लोडिंगमध्ये चहाला आधण ठेवून यावं, अशी स्थिती होती. जहाजांची लढाई मजकूर वाचत, पर्याय निवडत लढायची. ती तेव्हाही कुणाला आवडली नाही, आताही आवडत नाही. त्यावर एकमत आहे, म्हणून ते इथेच सोडतो.

कथेवरचा आक्षेप त्याहून खरा होता. एक देव तुमच्या किल्ल्याखालच्या प्रचंड पुतळ्यात शिरतो, किल्ला उद्ध्वस्त करतो आणि समुद्राच्या दिशेने चालू लागतो. त्याचा माग काढायला निघालेला नायक वाटेत व्यापारी कंपन्यांचे तंटे सोडवतो, चाच्यांशी सोयरिक करतो, जहाजावर लिंबं किती भरायची याचा हिशेब करत बसतो. घाई सांगितली आहे, पण घाई नाही. नंतर मुख्य कथेला मुदत घालणारं एक ऐच्छिक आव्हान खेळात आलं, म्हणजे बनवणाऱ्यांनाही हे पटलं असावं.

पण ही सगळी किरकोळ भांडणं. खरं भांडण पॉजचं : सगळे एकदम लढत असताना बटण दाबून लढाई थांबवायची आणि हुकूम द्यायचे, की बुद्धिबळासारखं बारी-बारीने, म्हणजे ‘टर्न-बेस्ड’, लढायचं. ते समजायला वर्गणीपर्यंत मागे जावं लागतं.

२०१२ मध्ये पहिल्या भागासाठी इंटरनेटवर लोकवर्गणी काढली गेली. मागितले ११ लाख डॉलर, जमले ४० लाखांच्या जवळ, आणि देणारे होते सुमारे ७४ हजार. वचन असं होतं, की ‘बाल्डर्स गेट’, ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’, ‘आइसविंड डेल’ या १९९८ ते २००२ मधल्या खेळांच्या वळणावर नवा खेळ करू : वरून तिरका दिसणारा, हाताने रंगवल्यासारखा, सहाजणांची टोळी घेऊन फिरायचा. गणेश मंडळाची वर्गणी दिलेल्याला हे नातं ओळखीचं वाटेल. पावती फाडली की मूर्ती कशी हवी, यावर बोलायचा हक्क येतो. २०१५ मध्ये पहिला भाग आला तेव्हा वर्गणीदार साधारण खूश होते.

दुसऱ्या भागासाठी २०१७ मध्ये पुन्हा ११ लाखच मागितले. ते एका दिवसाच्या आत जमले आणि अखेरचा आकडा ४४ लाखांवर गेला. देणारे मात्र साडेतेहेतीस हजारांच्या आसपास, म्हणजे पहिल्या वेळच्या निम्म्याहून कमी. शिवाय या वेळी काहीजण निव्वळ वर्गणीदार नव्हते, नफ्यात वाटा घेणारे गुंतवणूकदार होते. रक्कम वाढली आणि माणसं घटली. वर्गणी वाढल्याचा आनंद इतका होता, की दुसऱ्या आकड्याकडे आमच्यापैकी कुणी नीट पाहिलं नाही.

आता पॉज. बाहेरच्या माणसाला हे समजावणं कठीण जातं, सोलापूरकराला माग दाखवला की पुरतं. पॉवरलूमवर धागा तुटला की माग आपोआप थांबतो. विणकर येतो, गाठ मारतो, माग पुन्हा चालू करतो. एकटा माणूस चार माग सांभाळतो तो या थांबण्याच्या भरवशावर. ‘बाल्डर्स गेट’मधला ऑटोपॉज असाच होता : शत्रू दिसला, थांब, कुणी घायाळ झालं, थांब, मंत्र म्हणून झाला, थांब. सहा पात्रं एकाच वेळी आपापलं काम करत असतात आणि खेळणारा फक्त तुटलेल्या धाग्यापाशी जातो. हातमागाचं तसं नाही. धोटा इकडून तिकडे, मग फणीचा ठोका, मग पुन्हा धोटा. टर्न-बेस्ड लढाई ही हातमागाची लढाई आहे. दोन्हींवर कापड निघतं, पण विणणाऱ्याच्या हाताची सवय वेगळी पडते.

इथे ‘रेट्रो’ या शब्दाने सगळा घोळ केला आहे. पॉजवाल्यांचं म्हणणं असं, की हा रेट्रो खेळ आहे आणि रेट्रो म्हणजे पॉज. मी स्वतः पॉजवाला आहे, तरी हे म्हणणं टिकत नाही हे कबूल करायला हवं. बारी-बारीने लढायचे खेळ कितीतरी जुने. १९८१ चा ‘विझर्ड्री’ तसा, १९८८ चा ‘पूल ऑफ रेडियन्स’ तसा, आणि ‘बाल्डर्स गेट’च्या आदल्याच वर्षी आलेला ‘फॉलआउट’सुद्धा तसाच. चालत्या लढाईला पॉज लावायचा प्रकार १९९२ च्या ‘डार्कलँड्स’मध्ये दिसतो, पण त्याचं चलन झालं १९९८ नंतर. तेव्हा वेगवान स्ट्रॅटेजी खेळांची लाट होती, आणि ‘बाल्डर्स गेट’चं इंजिनही मुळात एका युद्धखेळाच्या नमुन्यातून आलं होतं. कागद-फाशांवर खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम आतल्या आत सहा-सहा सेकंदांच्या फेऱ्यांत चालायचे, वरून सगळे एकदम लढताना दिसायचे. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती त्या वर्षीची आधुनिक तडजोड होती.

मग सोलापुरात पॉज म्हणजेच जुनं, असं का ठरलं? कारण आमच्या पिढीच्या घरी संगणक आले ते दोन हजार सालानंतर, आणि हातात पडल्या त्या ‘बाल्डर्स गेट’च्या पाच सीडी. त्याच्या आधीचं आम्ही पाहिलंच नाही. ज्याची सुरुवात जिथून, त्याचं जुनं तिथून. (भारनियमनाच्या वर्षांत पॉजचा काही उपयोग नव्हता हेही नोंदवून ठेवतो. तेव्हा कामाला यायचा तो क्विकसेव्ह, म्हणजे एका बटणात खेळ जपून ठेवणं. दर लढाईआधी सेव्ह करायची सवय इथल्या लोकांना इन्व्हर्टरनंतरही सुटलेली नाही.)

जानेवारी २०१९ मध्ये, ऐन गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, ‘डेडफायर’ला पॅचमधून टर्न-बेस्ड मोड मिळाला. खेळ सुरू करतानाच तो निवडायचा, मधेच बदलता येत नाही. आठ महिन्यांपूर्वी विकलेल्या खेळाची लढाई मुळापासून दुसऱ्या रीतीने लढता येईल, असं काही आम्ही त्याआधी पाहिलं नव्हतं. वर्गणीदारांपैकी काहींना तो विश्वासघात वाटला. नव्यांना वाटलं, आता कुठे खेळ सुरू झाला.

मोड फुकट होता, ऐच्छिक होता, मग त्रास कशाचा? त्रास हिशेबाचा. मूळ खेळात चपळाई ही खरी दौलत. दोन हातांत दोन खंजीर घेतलेला पात्र मोठ्या परशूवाल्याचा एक घाव होईपर्यंत दोन-तीन वार करून मोकळा. चिलखत जड घ्यायचं की हलकं, हा प्रश्नही वेळेचाच, कारण जड चिलखतात प्रत्येक वारानंतर सावरायला उशीर लागतो. टर्न-बेस्डमध्ये प्रत्येकाला फेरीत एकच मुख्य कृती. चपळाईने फक्त नंबर आधी लागतो. मग खंजिरापेक्षा परशू बरा, हलक्यापेक्षा जड बरं. आकडे तेच, त्यांचा अर्थ उलटा. शिवाय लढायांची संख्या पॉजच्या वेगाला धरून ठरवलेली. अर्ध्या मिनिटात उरकणारी चार डुकरांची लढाई फेऱ्या मोजत दहा मिनिटं चालायला लागली. सवयीने वारंवार होणाऱ्या या किरकोळ लढायांनीच टर्नवाल्यांचाही घाम काढला, पण ते हे उघड बोलत नाहीत.

त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट वजनदार आहे. पॉजमध्ये पाच पात्रं आणि आठ शत्रू एकमेकांत घुसले, की कुणी कुणाला का मारलं ते कळेनासं होतं. ‘डेडफायर’ने टोळी सहावरून पाचवर आणली, पात्रांनी स्वतःहून कसं वागावं याचे ‘असं झालं तर तसं कर’ छापाचे नियम लिहायची सोय दिली, लढाईचा वेगही कमी केला. हे सगळे उपाय गोंधळ कमी करण्यासाठीच होते. म्हणजे रोग बनवणाऱ्यांना ठाऊक होता.

विक्रीचं पुढे सगळ्यांना कळलं : अपेक्षेपेक्षा बरीच कमी. समीक्षकांनी चांगले गुण दिले असूनही. खुद्द दिग्दर्शकाने नंतर लिहिलं, की याचं नेमकं कारण आपल्याला सांगता येत नाही. कारण सांगणाऱ्यांची आमच्याकडे कमतरता नव्हती. पॉजवाले म्हणाले, चाच्यांच्या बेटांमुळे. आम्हाला दऱ्या-जंगलं आणि किल्ले हवे होते. टर्नवाले म्हणाले, सप्टेंबर २०१७ मध्ये टर्न-बेस्ड ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन २’ येऊन गेल्यावर पॉज कोण घेणार? २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ स्वतःच टर्न-बेस्ड होऊन आला आणि तुफान चालला, तेव्हा त्या बाजूने पेढे वाटायचे तेवढे राहिले. ज्या नावावर पॉजवाल्यांची सगळी भिस्त होती, तेच नाव पलीकडे गेलं. मधल्या काळात ‘पाथफाइंडर’ मालिकेतल्या २०२१ च्या खेळाने दोन्ही पद्धती दिल्या आणि वाटेल तेव्हा बदलायची मुभाही. त्यावर कुणी भांडलं नाही. ‘डेडफायर’मध्ये हेच बटण असतं तर अर्धी भांडणं झालीच नसती, असं मला वाटतं.

‘पिलर्स’च्याच जगात घडणारा ‘अव्हाउड’ २०२५ च्या फेब्रुवारीत आला. तो नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा हाणामारीचा खेळ, या वादात त्याला जागा नाही. त्याच वर्षी पहिल्या ‘पिलर्स’ला दहा वर्षं झाली, आणि त्यालाही टर्न-बेस्ड मोडची चाचणी आवृत्ती मिळाली. आमच्यातल्या सगळ्यात कडव्या पॉजवाल्याने, ज्याने २०१९ मध्ये या मोडला ‘पंगतीत बसून मारामारी’ म्हटलं होतं, तो उतरवून घेतला. कसा आहे विचारलं की ‘अजून तपासतोय’ म्हणतो. सेव्हवर सव्वीस तास झालेत.