रेड नॉटची चोच वाळूत काय वाचते?

शरद ऋतू आला की सोशल मीडियावर एक व्हिडिओ परत फिरायला लागतो, इंग्लंडमधल्या नॉरफकच्या किनाऱ्यावरचं स्नेटिशम, हजारो रेड नॉट पक्षी आकाशात एकदम वळतायत, क्षणात राखाडी क्षणात पांढरे, आणि खाली कॅप्शन असते 'पक्ष्यांची टेलिपॅथी'. टेलिपॅथी वगैरे काही नाही हो! वळणाची लाट लांबून येताना प्रत्येक पक्ष्याला दिसते आणि तो आधीच तयार असतो, संशोधक वेन पॉट्स यांनी १९८४ मध्येच डनलिन या अशाच दुसऱ्या किनारपक्ष्यांच्या थव्यांची फिल्म तपासून हे दाखवलंय.

हे पक्षी उठतात ते भरतीमुळे. ओहोटीला स्नेटिशमसमोरच्या वॉश नावाच्या आखातात प्रचंड चिखल उघडा पडतो, तिथे ते चरतात, आणि उधाणाला तो सगळा बुडाला की किनाऱ्यामागच्या तळ्यांवर येऊन दाटीवाटीने बसतात. उधाण येतं अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत, आणि त्या भागात मोठी भरती सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी असते, म्हणून फोटोवाले तारखा बघून अंधारातच पोचतात. आपल्याकडे अजून अमावस्येला प्रवास टाळणारे लोक आहेत. चंद्र, सूर्य, पृथ्वी एका रेषेत आले की पाणी जास्त चढतं, त्यात अशुभ काय आहे?

पण माझ्या मते खरी कमाल थव्यात नाहीये, चोचीत आहे.

रेड नॉट साधारण सव्वाशे ग्रॅमचा, चोच तीन-साडेतीन सेंटिमीटर. त्याचं खाणं म्हणजे चिखलात पुरलेले छोटे शिंपले, जे दिसत नाहीत आणि हलतही नाहीत. मग सापडतात कसे? नेदरलँड्सचे पक्षीशास्त्रज्ञ टेउनिस पीर्स्मा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याचं उत्तर छापलं. त्यांनी पाळलेल्या नॉटना ओल्या वाळूत पुरलेले दगडसुद्धा ओळखता आले, म्हणजे वास नाही, चव नाही, शिंपल्याची हालचालही नाही. कोरड्या वाळूत मात्र जमेना. म्हणजे किल्ली पाण्यात आहे.

वाळूच्या कणांमधल्या फटींत पाणी भरलेलं असतं. चोच खुपसली की त्या पाण्यावर दाब येतो आणि ते फटींतून बाजूला सरकायला बघतं. वाटेत शिंपला असेल तर पाण्याला तिथून जाता येत नाही, दाब अडतो, आणि चोचीभोवतीच्या दाबाचा आकारच बदलतो. शिवाय पक्षी चोच भराभर वर-खाली करतो, त्यामुळे कण सैल होऊन परत घट्ट बसतात आणि दर वेळी थोडा दाब शिल्लक राहून साठत जातो, त्यामुळे फरक आणखी ठळक होतो. चोचीच्या टोकाला हाडात बारीक खळगे असतात, त्यांत हर्बस्ट कणिका नावाची दाब ओळखणारी संवेदनाग्रं गच्च भरलेली असतात, ती हा फरक टिपतात. शिंपल्याला न शिवता त्याचा पत्ता लागतो! नंतर तो शिंपला अख्खाच गिळतो आणि पोटातली पेषणी, म्हणजे जठराचा जाड स्नायूंचा भाग, कवच भरडते.

त्यामुळे फोटो काढायला गेलात तर थवा उडाला की लगेच बॅग भरू नका. थव्यासाठी शटरचा वेग १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, उजेड कमी असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवा. मग ओहोटी लागेपर्यंत थांबा, पक्ष्यांना न उठवता लपणगृहातूनच (पक्षी बघायच्या आडोशाच्या खोलीतूनच) बघा आणि चिखलात चरणाऱ्या एखाद्या नॉटचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या, त्यात चोचीचं ते भराभर टोचणं नीट दिसतं.