पचन कळलं ते एका भोकातून

पचन हा शब्द मुळात स्वयंपाकघरातला आहे. संस्कृतातला पच् धातू म्हणजे शिजवणं, त्यातूनच पाक, पक्व, पाककला आणि हे आपलं पचन. आणि मजा म्हणजे तिकडे ग्रीक लोकांचंही तेच, पेप्सिस म्हणजे शिजवणंही आणि पचवणंही (पोटातल्या रसातलं अन्न फोडणारं द्रव्य म्हणजे पेप्सिन, हे नाव तिथूनच आलंय, आणि पेप्सीचंही कूळ तेच). म्हणजे आपल्याकडे जठराग्नी, तिकडे गॅलन नावाचा वैद्य सांगतोय की शरीराच्या उष्णतेने पोटात अन्न शिजतं, दोघांच्याही डोक्यात चूलच. आणि ते साहजिकच आहे, कारण जिवंत माणसाच्या पोटात डोकावणार कोण आणि कसं?

पुढे सतराव्या शतकात युरोपात यावरून चांगलीच भांडणं लागली. एक पार्टी म्हणायची पोट म्हणजे जातं, ते अन्न दळतं, बाकी काही नाही. दुसरी म्हणायची नाही, पोटातल्या रसामुळे केमिकल काहीतरी होतं. तिसरी म्हणायची अन्न नुसतं आंबतं किंवा सडतं. सगळे तावातावाने बोलत होते पण पुरावा कोणाकडेच नव्हता.

पुरावा आणला तो फ्रान्सच्या रेओम्यूरने, 1752 साली. त्याच्याकडे एक पाळलेली घार होती. घार न पचलेलं हाडबिड परत ओकून टाकते, त्याचाच फायदा घेऊन त्याने धातूच्या छोट्या नळीत मांस भरलं, दोन्ही टोकांना जाळी लावली आणि नळी घारीच्या पोटात घातली. नळी बाहेर आली तेव्हा मांस बरंचसं विरघळलेलं आणि सडल्याचा वास अजिबात नाही! आता नळीच्या आत जातं कसं फिरणार, म्हणजे जे काही केलं ते रसानेच. पण धान्य खाणाऱ्या पक्ष्यांना अशा नळ्या दिल्या तर त्या चेपून सपाट होऊन यायच्या, म्हणजे जातंवाल्यांचंही अगदीच खोटं नव्हतं, फक्त ते कोंबडीपुरतं खरं होतं.

इटलीतला स्पालान्झानी तर त्याच्याही पुढचा, हा पेशाने धर्मगुरू आणि प्रोफेसर, याने प्रयोग स्वतःवरच केले. कापडाच्या छोट्या पिशव्यांत चावलेला पाव आणि मांस शिवून गिळलं, आणि पिशवी खालून बाहेर पडली की उघडून बघायची. पक्ष्यांच्या पोटातून काढलेला रस आणि मांस काचेच्या नळीत घालून ती नळी काखेत धरून बसायचा, शरीराइतकी ऊब मिळावी म्हणून, आणि ते तीन तीन दिवस! मांस विरघळलं. 1780 साली त्याचं पुस्तक आलं आणि सडण्याची थिअरी जवळपास संपली. मग 1824 मध्ये लंडनच्या विल्यम प्राउटने सांगितलं की पोटातलं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, तेव्हा मात्र बऱ्याच जणांना ते पटेना, कारण इतकं जहाल ॲसिड पोटात असेल तर पोटच कसं शिल्लक राहील. (प्रश्न चुकीचा नव्हता, पोटाच्या आतल्या बाजूला चिकट थर असतो तो वाचवतो, आणि तो बिघडला की पोटात अल्सर म्हणजे व्रण होऊ शकतात.)

आता खरी गोष्ट. 6 जून 1822, अमेरिकेच्या उत्तरेला मॅकिनॅक नावाचं बेट, तिथे कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचं दुकान. दुकानात गर्दी, आणि कोणाच्या तरी हातातली बंदूक चुकून उडाली. समोर जेमतेम हातभर अंतरावर उभा होता अलेक्सी सेंट मार्टिन, कॅनडातला फ्रेंच बोलणारा तरुण, कातड्यांची होडी वल्हवणारा हमाल म्हणा ना. डाव्या बाजूला बरगड्यांखाली इतकी मोठी जखम की सकाळचा नाष्टा तिथून बाहेर येत होता. लष्कराचा डॉक्टर विल्यम बोमाँट आला, हा काही मेडिकल कॉलेजचा पदवीधर नव्हता, एका डॉक्टरच्या हाताखाली शिकलेला, आणि त्यालाही वाटलं हा काही जगत नाही. पण गडी जगला. सुरुवातीला खाल्लेलं सगळं जखमेतूनच परत यायचं. हळूहळू जखम भरली, पण भोक बुजलं नाही, पोटाची कड बरगडीपाशी कातडीला चिकटून कायमची खिडकी झाली. पुढे आतूनच पोटाच्या अस्तराचा एक पडदा तयार झाला, बोटाने सारला की थेट पोटाच्या आत दिसायचं.

गावाने एव्हाना त्याचा खर्च द्यायचं बंद केलं होतं, त्याला कॅनडाला पाठवून द्यायचं ठरलं, तेव्हा बोमाँटने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. दया होती हे खरंच, पण घरात लाकडं फोडायला गडी मिळाला आणि प्रयोगाला जगात कोणाकडे नसलेलं पोट मिळालं हेही तितकंच खरं.

1 ऑगस्ट 1825, दुपारी 12 वाजता बोमाँटने रेशमी दोऱ्याला सहा तुकडे बांधले, त्यात शिजवलेलं बीफ, खारवलेलं कच्चं मांस, शिळा पाव, कच्चा कोबी, आणि दोरा भोकातून आत सोडला. सेंट मार्टिन आपला घरातली कामं करत होता. तासाने दोरा ओढून बघितला तर कोबी आणि पाव निम्मा गायब, मांस मात्र तसंच. आणखी एका प्रयोगात त्याने बीफचा एक तुकडा पोटात सोडला आणि दुसरा पोटातूनच काढलेल्या रसात, बाटलीत घालून गरम पाण्यात ठेवला. पोटातला दोनेक तासांत गेला, बाटलीतल्याला दहा तास लागले पण तोही पूर्ण विरघळला. म्हणजे अन्न फोडणारा रसच, पोटाची घुसळण त्याला मदत करते. पोट रिकामं असताना बोमाँटने आतल्या अस्तराला चक्क जीभ लावून बघितली, आंबट लागलं नाही! म्हणजे रस तिथे साठून राहत नाही, अन्न आलं की सुटतो.

आणि मला सगळ्यात आवडलेलं निरीक्षण म्हणजे, सेंट मार्टिन चिडला की त्याच्या पोटात पिवळं पित्त येताना दिसायचं. आपल्याकडे पित्त खवळलं असं म्हणतात ते इतकं शब्दशः घ्यायचं असेल असं वाटलं नव्हतं. आणि तो चिडायचा भरपूर, का नाही चिडणार, भोकात थर्मामीटर घालून बसवलंय, उपाशी ठेवलंय, रस काढताना चक्कर येतेय. 1825 मध्येच तो न सांगता कॅनडाला निघून गेला, लग्न केलं, पोरं झाली, 1829 मध्ये पैशांसाठी बायकापोरांसकट परत आला, परत गेला. शेवटी 1832 मध्ये कागदावर करार झाला, वर्षाला 150 डॉलर आणि खाणंपिणं कपडे, बदल्यात पोट प्रयोगाला. लिहिता येत नव्हतं म्हणून सहीच्या जागी फुली.

1833 मध्ये बोमाँटचं पुस्तक निघालं, दोनशेच्या वर प्रयोग. कोणता पदार्थ पोटातून किती वेळात जातो याचा तक्ताच त्यात आहे, शिजवलेला भात 1 तास, भाजलेलं डुकराचं मांस सव्वापाच तास. (आजारपणात मऊ भात देणाऱ्या आयांना तक्त्याची गरज नव्हती, ते जाऊ दे.) ॲसिडशिवाय रसात आणखी काहीतरी आहे असा त्याला संशय होता, ते काहीतरी म्हणजे पेप्सिन, 1836 मध्ये जर्मनीच्या थिओडोर श्वान नावाच्या शास्त्रज्ञाने शोधलं. नंतर लोकांनी कुत्र्यांच्या पोटाला मुद्दाम अशी भोकं पाडून काम सुरू केलं, त्यातूनच रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्हचं 1904 चं नोबेल. 1902 मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंगने दाखवलं की स्वादुपिंडाला रस सोडायचा निरोप मज्जातंतूंतून नाही तर रक्तातून जातो, आणि हॉर्मोन हा शब्द त्याच कामातून पुढे आला. म्हणजे पोट हा नुसता पहिला अंक, पचनाचं मोठं काम पुढच्या सहाएक मीटर लहान आतड्यात होतं आणि ते बोमाँटला त्या खिडकीतून दिसणं शक्यच नव्हतं.

सेंट मार्टिन 1834 मध्ये गेला तो परत आला नाही. बोमाँट वर्षानुवर्षं पत्रं पाठवत राहिला, पैसे देतो ये म्हणून, आणि 1853 मध्ये बर्फावर घसरून पडला त्यातून गेला. ज्याचं काही खरं नाही म्हणत होते तो सेंट मार्टिन पोटाचं भोक घेऊन त्याच्यानंतर 27 वर्षं जगला. 1880 च्या जूनमध्ये क्वेबेकमध्ये वारला तेव्हा माँट्रियलमधले प्रसिद्ध डॉक्टर ऑस्लर यांना ते पोट वॉशिंग्टनच्या म्युझियमसाठी हवं होतं. घरच्यांनी भर उन्हाळ्यात प्रेत चार दिवस मुद्दाम सडू दिलं, आणि मग आठ फूट खोल पुरलं, कोणी उकरून नेऊ नये म्हणून.