अमेरिकेतल्या मशिदी आणि पार्किंगचं कारण

अमेरिकेत मशिदीच्या अर्जावर सुनावणी असली की हरकती बहुतेक वाहतूक, सांडपाणी आणि पार्किंगच्या येतात. अशा हरकतींमागे धर्माचा राग दडलाय का, हे तपासणारा कायदा २००० साली झाला. त्याचं मूळ मात्र टेक्सासमधल्या एका कॅथलिक चर्चच्या खटल्यात आहे.

बर्नी गावातलं हे चर्च अपुरं पडत होतं. पण इमारत वारसा क्षेत्रात येते म्हणून नगरपालिकेने वाढीव बांधकाम नाकारलं. चर्चने १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याचा आधार घेतला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा राज्यांना आणि स्थानिक संस्थांना लावणं घटनाबाह्य ठरवलं. ही उणीव भरून काढायला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, २००० साली फक्त जमीनवापर आणि कैद्यांचे धार्मिक हक्क एवढ्यापुरता नवा कायदा केला, तोही दोन्ही सभागृहांत विनाविरोध. ज्या कॅथलिकांच्या खटल्यातून हा कायदा आला, त्यांचीच चर्चेस १८४४ मध्ये फिलाडेल्फियात जमावाने जाळली होती. बहुसंख्याकांच्या संशयाला धर्म कुठलाही पुरतो.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, आणि विशेषतः न्यूयॉर्कमध्ये हल्ल्याच्या जागेजवळ होऊ घातलेल्या ‘पार्क ५१’ या इस्लामी केंद्रावरून २०१० मध्ये झालेल्या वादानंतर, या कायद्याची खरी गरज मुस्लिमांना भासू लागली. टेनेसीतल्या मर्फ्रीसबरो इथे मशिदीच्या जागेवरची बांधकामाची यंत्रसामग्री पेटवली गेली. इस्लाम हा धर्मच नाही, असा युक्तिवाद कोर्टात झाला. तो धर्म आहे, हे केंद्राच्या न्याय विभागाला लेखी सांगावं लागलं! शेवटी २०१२ मध्ये फेडरल कोर्टाच्या आदेशानंतर मशीद उघडली.

न्यू जर्सीतल्या बर्नार्ड्स टाउनशिपचं (टाउनशिप म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था) प्रकरण मला सर्वांत बोलकं वाटतं. तिथल्या मुस्लिमांनी २०१२ मध्ये मशिदीसाठी अर्ज केला. जवळजवळ चार वर्षांत ३९ सुनावण्या झाल्या. चर्चसाठी तीन माणसांमागे एक गाडी असा हिशेब होता. त्याप्रमाणे १५० नमाज्यांना ५० जागा पुरे होत्या, पण टाउनशिपच्या नियोजन मंडळाने १०७ मागितल्या. जागा वाढवल्या की आराखडा बदलायचा, आराखडा बदलला की पाण्याच्या निचऱ्याचा नवा प्रश्न निघायचा. डिसेंबर २०१५ मध्ये अर्ज फेटाळला गेला. पार्किंगला लावलेलं हे वेगळं माप म्हणजे धार्मिक भेदभाव, असं ३१ डिसेंबर २०१६ रोजी फेडरल न्यायाधीशांनी म्हटलं. पुढच्या मे महिन्यात टाउनशिपने ३२.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि मशिदीलाही वाट मोकळी करून दिली.