कल्चर रिपोर्टावरची औषधांची यादी ठरवतं कोण?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कुठल्याही बऱ्या लॅबमधला लघवीचा कल्चर रिपोर्ट घ्या. वर जंतूचं नाव, बहुतेक वेळा ई. कोलाय. खाली पंधरा-वीस औषधांची रांग, समोर आकडा आणि त्यापुढे एस (औषध चालेल), आय (मधलं) किंवा आर (चालणार नाही). नातेवाईक 'एस' किती ते मोजतात. डॉक्टर आपल्या सवयीचं औषध शोधतात. तीच औषधं त्या रांगेत का आहेत आणि बाकीची का नाहीत, हे सहसा कुणी विचारत नाही. मशीनमधून आलं म्हणजे बरोबरच असणार, असा समज असतो. मशीन जंतू वाढला की नाही एवढंच बघतं. यादी माणसांनी ठरवलेली असते, आणि ती ठरवणारे हात गेल्या ऐंशी वर्षांत बदलत गेले आहेत.

सुरुवातीला यादी नव्हतीच. औषधंच दोन-चार होती. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली उभा राहिला, तेव्हा प्रश्न पेनिसिलिन मिळतं का हा होता. कोणतं चालेल हा नव्हता. पुढे स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन अशी भर पडत गेली आणि निवड करायची वेळ आली. औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या १९४०च्या दशकातच वापरात आल्या होत्या, पण जंतू वाढवायचं माध्यम प्रत्येक लॅबचं वेगळं, चकतीतलं औषध कमी-जास्त, मोजायची रीत आपापली. एका गावचा 'एस' दुसऱ्या गावी 'आर' व्हायचा. बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी १९६६ मध्ये एकच ठरावीक पद्धत मांडली आणि हा गोंधळ बराच निवळला. त्यांनी निवडलेलं म्युलर-हिंटन माध्यम मुळात १९४१ साली गोनोरियाच्या जंतूसाठी तयार झालं होतं, हे आज ते रोज ओतणाऱ्या तंत्रज्ञांनाही क्वचितच माहीत असतं. अमेरिकेत १९६८ मध्ये मानकं ठरवणारी संस्था निघाली. तिलाच आता सीएलएसआय म्हणतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक लॅब तिचेच तक्ते वापरतात.

डिस्कच्या, म्हणजे या चकत्यांच्या काळात यादी लॅबच्या फ्रिजमध्ये असायची. माध्यमाच्या लहान प्लेटवर पाच-सहा चकत्या मावतात, मोठीवर बारा. सर्जन म्हणाले, 'साहेब, आमच्या वॉर्डात हे औषध चालू झालंय, तेही लावा', तर एक चकती काढून दुसरी ठेवली की झालं. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडापुढे उलटी धरायची आणि चकतीभोवती जंतू न वाढलेल्या मोकळ्या वर्तुळाचा व्यास पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायचा. पद्धत वेळखाऊ होती, पण निवड पूर्णपणे लॅबची होती.

मशीननं नेमकी हीच मोकळीक काढून घेतली. आज सर्वांत ओळखीच्या व्हायटेक या मशीनचं मूळ अमेरिकेतल्या मॅकडॉनेल डग्लस या विमान कंपनीनं नासासाठी केलेल्या कामात आहे. अंतराळयानात जंतू ओळखायला लहान, बंद आणि आपोआप चालणारं काहीतरी हवं होतं. त्यातून प्लास्टिकचं कार्ड आलं, आणि पुढे हा धंदा फ्रान्सच्या बायोमेरियोकडे गेला. कार्ड पत्त्याएवढं, त्यात ६४ खाचा. तंत्रज्ञ सलाइनच्या नळीत जंतूची वसाहत मिसळतो आणि गढूळपणा ०.५ मॅकफारलंडच्या (हे गढूळपणाचं माप) आसपास आणतो. त्यातले १४५ मायक्रोलिटर दुसऱ्या नळीतल्या तीन मिलिलिटर सलाइनमध्ये घालतो (ग्राम-पॉझिटिव्ह, म्हणजे ग्रामच्या रंगानं जांभळा दिसणारा जंतू असेल तर २८०) आणि कार्डाची बारीक नळी त्यात बुडवून कॅसेट आत सरकवतो. मशीन दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक खाच वाचतं आणि वाढीच्या वेगावरून एमआयसी काढतं, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी औषधाची कमीत कमी मात्रा. पण कोणत्या खाचेत कोणतं औषध, हे कारखान्यात कार्ड सीलबंद होतानाच ठरलेलं असतं. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

खाचा मोजक्या असल्यानं त्यांचा हिशेब कडक असतो. एका औषधाला एक खाच पुरत नाही, वेगवेगळ्या मात्रांच्या दोन-चार लागतात. नवं औषध घ्यायचं तर जुनं काढायचं, नाहीतर कुणाच्या तरी मात्रा कमी करायच्या. म्हणून कंपन्या लघवीसाठी, ग्राम-पॉझिटिव्हसाठी, स्यूडोमोनास नावाच्या जंतूच्या गटासाठी वेगळी कार्डं काढतात. मोठ्या शहरातली लॅब ती सगळी ठेवू शकते. आमच्याकडची मध्यम लॅब दोन प्रकार ठेवते, आणि मग पोटातल्या जंतूसाठी बनवलेलं कार्ड स्यूडोमोनासलाही लावलं जातं.

त्यातच ब्रेकपॉइंट सरकतात. ज्या एमआयसीपर्यंत जंतू 'एस' धरायचा तो आकडा म्हणजे ब्रेकपॉइंट. सीएलएसआयनं २०१० मध्ये आतड्यातल्या जंतूंसाठी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा आकडा ८ वरून १ वर आणला, आणि २०१९ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनचा १ वरून ०.२५ वर. तक्ता बदलायला नवं पुस्तक पुरतं. मशीनमध्ये मात्र सॉफ्टवेअर बदलावं लागतं आणि कार्डात तेवढ्या खालची मात्राही असावी लागते. इथंच घोडं पेंड खातं.

टायफॉइडचं उदाहरण घ्या, कारण तो खानदेशाला काही परका नाही. क्लोरॅम्फेनिकॉल १९४८ पासून टायफॉइडचं हुकमी औषध होतं. १९७२ मध्ये केरळातल्या कालिकतला त्याला न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ आली. नव्वदच्या सुमारास अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोलही हातचं गेलं, मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. काही वर्षांत रिपोर्टवर 'एस' असूनही ताप उतरेना. २०१२ मध्ये सीएलएसआयनं टायफॉइडसाठी सिप्रोचा आकडा थेट ०.०६ केला. जुन्या अनेक कार्डांची तळमात्रा ०.२५ होती. त्यावर '०.२५ किंवा कमी' असं छापून येतं, आणि ते ०.०६ आहे की ०.२ हे मशीनला सांगताच येत नाही. अशा वेळी सिप्रोच्याच गटातल्या पेफ्लॉक्सासिनची साधी डिस्क लावून बघणं हा स्वस्त आणि मान्य उपाय आहे. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि त्यांच्या हाडांत साल्मोनेला (टायफॉइडचा जंतू याच गटातला) बसण्याचा धोका जास्त असतो. तिथंही हाच आकडा लागू होतो.

याच जंतूवर दुसरी गफलतही होते. कार्डात अमिकासिन, जेंटामायसिन असतात आणि टायफॉइडच्या जंतूवर बऱ्याचदा 'एस' दाखवतात, पण रुग्णावर उपयोग होत नाही. ती ओळ रिपोर्टवर छापायचीच नाही असा नियम आहे. तसंच नायट्रोफ्युरँटॉइन फक्त लघवीसाठी, आणि फुप्फुसाच्या संसर्गात डॅप्टोमायसिन सांगायचं नाही. प्रोटियस या जंतूवर कोलिस्टिन हे औषध मुळातच चालत नाही, मग तपासायचं कशाला? म्हणजे काय तपासायचं आणि काय छापायचं हे दोन वेगळे निर्णय आहेत. सीएलएसआयनं आधी औषधांचे ए, बी, सी, यू असे गट केले होते. २०२३ पासून चार पायऱ्या केल्या: पहिली नेहमी छापायची, दुसरी पहिलीतली औषधं निकामी ठरल्यावर, पुढच्या त्याहून अडचणीच्या वेळी. हा क्रम सॉफ्टवेअरमध्ये बसवता येतो, पण आपल्याकडे बरेचदा तो बंदच असतो. वीस ओळींचा रिपोर्ट गिऱ्हाइकाला भारी वाटतो हे त्यामागचं खरं कारण, असं माझं मत. साध्या सेफॅझोलिनवर भागणाऱ्या रुग्णाला त्यामुळे राखून ठेवायचं मेरोपेनेम मिळतं.

कोलिस्टिनची कथा वेगळीच. मूत्रपिंडाला घातक म्हणून बाजूला पडलेलं हे औषध मेरोपेनेमला न जुमानणारे जंतू वाढल्यावर परत आलं. त्याचा प्रतिकार पसरवणारा जीन २०१५ मध्ये चीनमधून नोंदला गेला. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला भारतानं २०१९ मध्ये बंदी घातली. २०२० पासून सीएलएसआय त्याला 'एस' द्यायलाच तयार नाही; फक्त 'आय' किंवा 'आर'. साध्या डिस्कनं ते तपासू नये हे तर ठरलंच आहे, आणि मशीनच्या आकड्यावरही एकट्यानं विसंबू नये. लहान लॅबला जमणारी एक मान्य रीत आहे: दहा-दहा मिलिलिटर ब्रॉथच्या (पातळ माध्यमाच्या) चार नळ्या, त्यांत कोलिस्टिनच्या शून्य, एक, दोन आणि चार डिस्क, अर्धा तास औषध उतरू द्यायचं आणि मग जंतू घालायचा. अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जंतूला ही रीत चालत नाही.

खानदेशात यादी ठरवू शकतील अशा जागा आता आहेत. धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं, जळगावचं २०१८ पासूनचं आणि नंदुरबारचं त्यानंतरचं. तरी कार्डाचा प्रकार बहुधा कंपनीचा प्रतिनिधी आणि खरेदीचा दर ठरवतात. कार्डं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. भुसावळ-जळगावचा पारा ४५ कडे जातो तेव्हा खोकं दिवसभर कुरिअरच्या गाडीत पडून राहिलं तर काय, हा प्रश्न ऑर्डर देतानाच विचारायला हवा.

यादी स्थानिक हवी तर स्थानिक आकडे हवेत, म्हणजे अँटिबायोग्राम: कोणत्या जंतूवर कोणतं औषध किती टक्के वेळा चालतं याचा तक्ता. त्याचा रूढ नियम असा की वर्षभरात एका जातीचा जंतू किमान ३० नमुन्यांत सापडलेला असावा, आणि प्रत्येक रुग्णाचा फक्त पहिलाच मोजावा. शहादा किंवा चोपड्याच्या एकट्या दवाखान्यात ई. कोलाय सोडला तर बाकीच्यांची तीस ही संख्या भरणं कठीण. दोन-तीन वर्षांचे आकडे एकत्र करायला किंवा शेजारच्या तालुक्यांशी जोडायला नियमाची हरकत नाही. जोडले आहेत हे रिपोर्टमध्ये लिहायचं, एवढंच.