मैदानाला दहा राउंड

पहाटे सहाला कोल्हापुरातल्या कुठल्याही मैदानावर जा, तीस-चाळीस पोरं आणि एक शिट्टी हमखास दिसते. पहिला हुकूमही ठरलेला असतो, "चला, दहा राउंड!" उशिरा आला तर दोन राउंड जास्त. आदल्या दिवशी मॅच हरली तर पाच जास्त. आमच्याकडे फुटबॉल तालमींनी वाढवला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही आमच्या संघांचीच नावं. त्यामुळे घाम गाळल्याशिवाय काही मिळत नाही हे पोरांना चेंडूला पाय लागायच्या आधीच कळलेलं असतं. त्यात खोटं काही नाही. माझं भांडण राउंडशी आहे, आणि तेही मुलाचा गुडघा दुखायला लागल्यावर सुरू झालं.

तेरावं सरून चौदावं लागलं होतं त्याला. एका सकाळी दहापैकी सहाव्या राउंडला थांबला आणि म्हणाला, "सर, गुडघ्याखाली दुखायलंय." सरांनी शिट्टी तोंडातून न काढता सांगितलं, "वाढीचं वय हाय, दुखणारच. पळ." मी कडेला चहा पीत उभा होतो. मलाही ते पटलं, हे कबूल करतो. तीन आठवड्यांनी तो जिना उतरताना कठड्याला धरायला लागला, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला अंगठा टेकवला मात्र, पोरगं टेबलावर उडालं. तिथे सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. डॉक्टरांनी मला दोनच प्रश्न विचारले. वर्षभरात किती उंच झाला? आणि बूट शेवटचे कधी बदलले? बुटांचं उत्तर होतं, सहा महिन्यांत दोनदा. उंचीचं उत्तर नव्हतं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या खऱ्या, पण त्या तो चौथीत असताना थांबल्या होत्या.

या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. अमेरिकेतले ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधले श्लॅटर या दोघांनी १९०३मध्ये स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं. वाढत्या मुलाची हाडं टोकापर्यंत पक्की झालेली नसतात. टोकाजवळ कूर्चेचा एक थर असतो, ग्रोथ प्लेट, आणि वाढ तिथून होते. मांडीचा पुढचा दणकट स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून कंडरेच्या दोरीने नडगीला बांधलेला असतो, आणि ती दोरी नेमकी अशाच एका कच्च्या जागी गाठलेली असते. पळताना, उडी मारताना, किक मारताना दरवेळी त्या जागेला हिसका बसतो. हाड झपाट्याने लांब होत असेल आणि स्नायू मागे पडला असेल तर दोरी आणखी ताणली जाते. टाचेचंही असंच एक दुखणं आहे. ते जरा लहान वयात, साधारण आठ ते चौदाच्या दरम्यान होतं. "टाच टेकवत नाही" म्हणून रडणाऱ्या पोराला आपण नवे स्टड चावत असतील असं म्हणून गप्प करतो.

मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्याच्या आसपास. त्या काळात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटर वाढू शकतो. आधी पावलं वाढतात, मग पाय, धड सगळ्यांत शेवटी. म्हणून बूट आखूड होणं ही पहिली वर्दी. पुढचे काही महिने पोरगं स्वतःच्याच पायात अडकतं. काल सहज थांबवलेला चेंडू आज पायाखालून जातो, वळताना तोल जातो. सर म्हणतात, "याचं लक्ष नाही." खरं तर त्याच्या मेंदूकडे असलेला शरीराचा नकाशा जुना झालेला असतो.

त्यातही सगळे एका वेळी वाढत नाहीत. चौदा वर्षांखालच्या एकाच संघात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून पाचवीतला वाटतो. जन्मदाखल्यावर महिन्याचा फरक, अंगात तीन-चार वर्षांचा. (दाखल्यावरचा महिना खरा असेल तर. फिफाने २००९पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात वय ताडायला मनगटाचं एमआरआय सुरू केलं, ते उगाच नाही.) दोघांना दहा राउंड सारखेच आणि निवड चाचणीत रेषाही एकच. दांडगा पोरगा पुढे जातो आणि उशिरा वाढणारा घरी बसतो. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी यावर एक तोड काढली आहे. अधूनमधून मुलांना जन्मसालाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गटांत वाटून सामने खेळवायचे. दांडग्या पोराला तिथे अंगाच्या जोरावर निभावता येत नाही, त्याला पास द्यावाच लागतो.

आता राउंडचा हिशेब करू. पूर्ण आकाराच्या मैदानाचा घेर साधारण साडेतीनशे मीटर, म्हणजे दहा राउंड साडेतीन किलोमीटर. पोरं ते वीसेक मिनिटांत एका चालीने संपवतात. फुटबॉलमध्ये वीस मिनिटं एका चालीने कोण पळतं? मोठ्या पातळीवरचा खेळाडू नव्वद मिनिटांत दहा-बारा किलोमीटर कापतो. पण त्यातलं बहुतेक चालणं आणि रमतगमत धावणं असतं. दर चार-पाच सेकंदांनी त्याची हालचाल बदलते, सामन्यात हजाराच्या वर वेळा. मिनिट-दीड मिनिटाने एखादी जीव तोडून धाव येते, आणि ती संपतेही दोन-चार सेकंदांत.

त्या दोन-चार सेकंदांची ताकद स्नायूतल्या क्रिएटिन फॉस्फेट या रसायनाच्या साठ्यातून येते. ती खिशातली चिल्लर समजा. लगेच हाताला लागते आणि लगेच संपते, जोर लावला तर दहाएक सेकंदांत. संपल्यावर अर्धी चिल्लर साधारण अर्ध्या मिनिटात परत जमते, पूर्ण खिसा भरायला तीन-चार मिनिटं लागतात, आणि ती जमवायचं काम ऑक्सिजन करतो. दमसास लागतो तो इथे. दोन धावांच्या मधल्या वेळात ज्याचा खिसा लवकर भरतो, तो ऐंशीव्या मिनिटालाही चेंडूवर आधी पोचतो. पण असा दमसास एका चालीच्या राउंडने फार हळू वाढतो, आणि वेग तर वाढतच नाही.

नॉर्वेत २००१मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग प्रशिक्षकांच्या जगात गाजला. अठराच्या आसपासचे १९ ज्युनियर खेळाडू घेतले. त्यातल्या एका गटाला नेहमीच्या सरावाखेरीज आठवड्यातून दोनदा चार मिनिटांचे चार जोरकस टप्पे दिले. हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, मध्ये तीन मिनिटं हलकं धावणं. आठ आठवड्यांनी त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता किलोमागे मिनिटाला ५८ मिलिलिटरवरून ६४वर गेली, सामन्यात कापलेलं अंतर २० टक्क्यांनी वाढलं आणि जोरदार धावांची संख्या दुप्पट झाली. दुसऱ्या गटात असं काही घडलं नाही. पुढे असंही दिसलं की हे चार टप्पे नुसते पळायची गरज नाही. तीस बाय वीस मीटरचा चौकोन आखून चार विरुद्ध चार खेळवलं, चेंडू बाहेर गेला की लगेच दुसरा आत टाकला, तरी ठोके जवळपास तिथेच पोचतात. वर पोरं चेंडूला शंभर वेळा शिवतात आणि कोणी कुरकुरत नाही.

मग राउंड का मारायला लावतात? चाळीस पोरं आणि दोन चेंडू, म्हणून. सरांना नावं ठेवण्याआधी हे बघावं लागतं. राउंडला साहित्य लागत नाही, जागा आखावी लागत नाही आणि एका शिट्टीत चाळीस जण कामाला लागतात.

दहा-अकरा वर्षांच्या आतल्या मुलांना तर दमसासाचे वेगळे व्यायाम फारसे लागतही नाहीत. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८मध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलांची तुलना कसलेल्या लांब पल्ल्याच्या प्रौढ खेळाडूंशी केली. सायकलवरच्या जोरदार व्यायामानंतर ताजंतवानं होण्यात पोरं त्यांच्याही पुढे निघाली. लग्नाच्या हॉलमध्ये चार तास शिवाशिवी खेळणारं पोर ज्याने पाहिलंय त्याला नवल वाटणार नाही. या वयात द्यायचं ते वळणं, थांबणं, उडी, तोल, पाठलाग. वेगासाठी पंधरा मीटरच्या सहा-आठ धावा पुरतात, पण प्रत्येक धावेनंतर चालत परत येऊन मिनिटभर थांबायचं. या थांबण्याची सरांना लाज वाटते. पोरं उभी दिसली की पालक म्हणतात, फी कशाची घेताय? पण खिसा भरायच्या आत पळवलं तर तो वेगाचा सराव उरत नाही, नुसती दमणूक होते.

माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते वॉर्मअपमध्ये. फिफाने २००६च्या सुमारास 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप तयार करवून घेतला. पंधरा व्यायाम आणि साहित्य जवळपास शून्य. आधी आठ मिनिटं हलकं धावणं, त्यात गुडघा उचलून बाहेर वळवणं, जोडीदाराभोवती फिरणं, उडी मारून खांद्याला खांदा देणं. मग दहा मिनिटं ताकद आणि तोल. शेवटी दोन मिनिटं वेगाने धावणं आणि एका पायावर रोवून दिशा बदलणं. नॉर्वेतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या १८९२ मुलींवर आठ महिने तपासलं तेव्हा तो करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एकतृतीयांशाने कमी दिसल्या, गंभीर दुखापती तर जवळपास निम्म्या. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सात व्यायामांचा धाकटा भाऊही आहे. तो चार युरोपीय देशांतल्या ३८९५ मुलांवर तपासला, दुखापती ४८ टक्क्यांनी घटल्या. मात्र महिन्यातून एकदा पाहुणे आल्यासारखा करून चालत नाही, आठवड्यातून दोनदा तरी हवा.

त्यातला एकच व्यायाम जवळून बघा. पोराला एका पायावर उभं करा, गुडघा किंचित वाकवून. जोडीदाराने छातीच्या उंचीवर चेंडू टाकायचा, याने झेलून परत द्यायचा. तुम्ही समोर बसून फक्त त्याच्या गुडघ्याकडे बघा. तिसऱ्या-चौथ्या झेलाला गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे झुकायला लागतो. उडी मारून उतरतानाही तो तसाच आत जातो, आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटतो तोही बऱ्याचदा याच अवस्थेत. मुलींमध्ये हा धोका मुलांच्या दोन-तीन पट आहे. उपाय म्हणजे गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायची सवय, आणि उतरताना आवाज न करणं. आमच्या इथल्या एका ताईने मुलींना सांगितलं, "घरी सगळी झोपल्यात, जिन्यावरनं उतरायचंय." तिच्या मुली मांजरासारख्या उतरतात.

इथे तालमीचा वारसा कामाला येतो, जरा वळवून घेतला तर. जोर मारल्याने खांदे आणि पोट घडतं, बैठकांनी मांड्या. ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते ही समजूत मात्र सोडून द्यावी. कुणाच्या तरी नजरेखाली, नीट पद्धतीने केले तर मुलांना ते सुरक्षित आहेत. वयात यायच्या आधी स्नायू फुगत नाहीत, पण मेंदू आणि स्नायूंचं सूत जुळतं आणि ताकद त्यातून वाढते. फरक एवढाच की बैठक दोन पायांवर असते आणि फुटबॉल जवळपास सगळा एका पायावर. धाव, किक, उडी, वळण, प्रत्येक वेळी जमिनीवर एकच पाय. म्हणून शंभर बैठकांपेक्षा एका पायाच्या दहा अर्ध्या बैठका बऱ्या.

सोळा-सतराच्या पुढच्यांनी आणखी एक शिकावं. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं, मांडीच्या मागच्या स्नायूंनी पडणं रोखत. पहिल्या दिवशी सगळे पालथे पडतात. डेन्मार्कमध्ये ९४२ प्रौढ खेळाडूंवर हे तपासलं. हा व्यायाम करणाऱ्या ४६१ जणांत मोसमात हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे याच मागच्या स्नायूंच्या, १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्या ४८१ जणांत ५२.

झोपेचं काय करायचं ते मात्र मला सुचलेलं नाही. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. क्लास रात्री नऊला सुटतो, जेवण, गृहपाठ, मोबाइल, आणि पाचला गजर. उरतात सहा. सकाळच्या सरावाची अकरा महिने फी भरणारा मीच, आणि क्लासची भरणाराही मीच.

आमच्या मुलाला डॉक्टरांनी फुटबॉल बंद करायला सांगितलं नाही. राउंड आणि उड्या दोन महिने बंद, चेंडूशी खेळणं दुखेल तिथे थांबवून चालू, मांडीचे हलके व्यायाम. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सुजलेला सांधा, लंगडणं किंवा ताप असेल तर मात्र वाट न बघता यायचं, हेही बजावलं. आणि दर तीन महिन्यांनी उंची मोजायची, ती सकाळीच, कारण दिवसभरात पाठीच्या चकत्या दबून माणूस संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर बुटका होतो. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटर म्हणजे वर्षाला आठचा वेग. तेवढा दिसला तर पळणं आणि उड्या आवरायच्या, तोल आणि चेंडू वाढवायचा.

सरांना हे सांगायला गेलो तेव्हा पोटात गोळा होता. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. पुढच्या सोमवारी स्टोअररूमच्या भिंतीवर शिंप्याची टेप खिळ्यांनी ठोकलेली दिसली, शून्य बरोबर जमिनीला टेकवून. राउंड अजून आहेत, पण चार.

चौकटीवर आता सहा नव्या खुणा आहेत. शेवटच्या दोन खुणांमध्ये जेमतेम सेंटीमीटरभर अंतर आहे. दुखणं गेलं. टेंगूळ तसंच आहे, आणि डॉक्टर म्हणाले, ते बहुधा तसंच राहील.