२१ दिवसांत सवय लागते? नाही हो, तसं नसतं

"२१ दिवस जिमला गेलो, बाविसाव्या दिवशीपण अलार्म वाजला तर उठवतच नाही, माझ्यातच दम नाही बहुतेक." परवा ऑफिसातला मित्र अगदी पडेल आवाजात सांगत होता, फार वाईट वाटलं, कारण दोष त्याचा नाहीये, तो आकडाच चुकीचा आहे.

झालं असं की मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० साली लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस जातात. पुढे लोकांनी 'कमीत कमी' गाळलं आणि आकडा डाएट, जिम सगळ्यालाच चिकटवला.

खरा अभ्यास केला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या टीमने. ९६ जण, १२ आठवडे, प्रत्येकाने एकच गोष्ट रोज ठरलेल्या वेळी करायची, म्हणजे दुपारच्या जेवणासोबत फळ किंवा रात्रीच्या जेवणाआधी १५ मिनिटं पळणं वगैरे. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस, कुणाला १८ तर कुणाला २५४ (हा १२ आठवड्यांच्या नोंदींवरून काढलेला पुढचा अंदाज)! आणि एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हे तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मित्राला म्हटलं, जिम राहू दे सध्या, डबा उघडला की आधी काकडी-गाजर मग पोळीभाजी, आणि डबा झाला की लिफ्ट सोडून जिना. मी गणपतीपासून करतोय, मध्ये ऑडिटच्या आठवड्यात तीन दिवस बुडाले, चौथ्या दिवशी परत जिन्यानेच गेलो.