नावात वाघ दोघांच्याही: चिखलातला आणि सड्यावरचा

मृगाचा पाऊस पडला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फोटो हमखास येतो. हळदीसारखा पिवळाधमक बेडूक, गळ्याशी दोन निळे फुगे आणि खाली ओळ: 'आंबोलीचा दुर्मिळ वाघ आपल्या शेतात!'

नाही हो. तो आपला भाताच्या खाचरात रात्रभर डराव डराव करून झोपमोड करणारा मोठा बेडूक. घोटाळा नावानं केलाय. याचं शास्त्रीय नाव हॉप्लोबॅट्राकस टायगेरिनस, तर आंबोलीच्या भेकाचं, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाचं, झँथोफ्रायनी टायगेरिना. त्यात झँथोफ्रायनी म्हणजे 'पिवळा भेक', त्यामुळे रंगावर जायची सोय नाही.

आकार बघा, निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. शेतातला 17 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. आंबोलीचा जेमतेम अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा. शेतातल्याच्या पाठीवर लांब वळ्या, मागच्या बोटांत पोहायला पडदे. आंबोलीच्याची कातडी खरखरीत. आणि शेतातल्याचा तो पिवळा रंग फक्त नराचा, तोही विणीपुरता. चार दिवसांनी बघाल तर परत शेवाळी.

शेतातला पाकिस्तानापासून म्यानमारपर्यंत पसरलेला. त्याच्या तंगड्या परदेशी जात, 1987 साली भारतानं ती निर्यात बंद केली. लहानपणी त्याचे बेडूकमासे इतर बेडकांचे बेडूकमासे खातात, म्हणजे वाघ म्हणायला हरकत नाही.

आंबोलीचा मात्र अगदी थोड्या जागेवर जगतो. आजऱ्यावरून आंबोलीत शिरलं की जांभ्या दगडाचा काळपट सडा, म्हणजे उघडं कातळ पठार, लागतो. त्यातल्या खळग्यात पावसाचं चार बोटं पाणी साचतं, तळचा खडा न् खडा दिसतो. पहिल्या सरींबरोबर हे भेक तिथं गोळा होतात आणि थोड्याच दिवसांत वीण उरकतात. मग पावसानं उघडीप दिली की खळगा आटतो आणि बेडूकमासेही वाळतात. त्यात रात्री रस्ता ओलांडताना पर्यटकांच्या गाड्यांखाली किती जातात, ते वेगळंच. या भेकाला शास्त्रीय नाव मिळालं ते 2009 साली, आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. कोयनेकडचा त्याचा भाऊ, झँथोफ्रायनी कोयनेन्सिस, 1963 पासून माहीत आहे, तोही संकटग्रस्तच.

तेव्हा पंचगंगेकाठच्या चिखलात पिवळा वाघ दिसला, तर फोटो खुशाल टाका. फक्त आंबोलीचं नाव खोडा.